मिस्सा संपल्यावर

साओ पावलो
सोमवार, ६ जून

प्रिय लिंदाल्वा,

मी फोनवर ऑर्डर घेतल्यासारखा बोलतो, असं तू आपल्या दुकानातल्या जेनिव्हालच्या आईला सांगितलंस म्हणे. "हो, हो, अजून काय, चाळीस मिनिटं लागतील." म्हातारीने मला ते माझ्याच आवाजात करून दाखवलं. एवढ्या लांबून, क्रातूहून, खरखरणाऱ्या फोनवर, तरी नक्कल हुबेहूब! मी खो खो हसलो. मग जीभ चावली, कारण तिचं बोलणं संपल्यावर मी खरंच विचारलं होतं, "हो, हो, अजून काय?"

म्हणून हे पत्र. हाताला पीठ आहे, अक्षर समजून घे.

अजून काय, तेही म्हातारीने सांगितलंच. ओतासिलियो त्याच्या अंगणात तुझ्यासाठी खोली बांधतोय. भिंती उभ्या राहिल्या, कौलं आणून रचलीत, संत योहानाचा सण झाला की छप्पर चढणार. तुझा भाऊ हाताचा चांगला आहे, भिंत सरळ असेल यात शंका नाही. पण तुझ्या आईच्या दुखण्यासाठी म्हणून मी तुला बसमध्ये बसवून दिलं होतं. आई गेली, चर्चात तिची महिन्याची मिस्सा झाली, तेव्हाही तू येतेच म्हणालीस. आता छपराची गोष्ट निघाली. डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं की माणूस पाहुणा राहत नाही, एवढं मला कळतं.

तुझं एकच वाक्य माझ्यापर्यंत पोचलंय. "इथे मला रविवार मिळतो." ते मी मळतोय, मळतोय, आणि गोळा काही जमत नाही. इथे रविवार नाही? अगं, आपल्या बिशिगातल्या रविवारासारखा रविवार आख्ख्या ब्राझीलमध्ये नाही! संध्याकाळी सहाला शटर वर जातं आणि पहिला फोन त्याच क्षणी वाजतो. तू गल्ल्यावर, मी भट्टीवर, पार पहाटेपर्यंत.

मग मनात आलं, या शहराला तू विटलीस, पण तू त्यातलं पाहिलंस काय? गल्ला, आणि खोक्यांवरचे पत्ते. लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून गळ्यात कॅमेरे अडकवून इथे येतात. तर मी ठरवलंय, जे जे बघण्यासारखं आहे ते मी स्वतः जाऊन बघतो आणि तुला कळवतो. त्यातलं काही आवडलं तर ये, दोघं मिळून बघू.

सुरुवात आजच केली, दुकान बंद म्हणून. तू आणलेला निळा शर्ट घातला आणि पाउलिस्ता रस्त्यावरच्या त्या लाल खांबांच्या संग्रहालयात गेलो. दार बंद. रखवालदाराने तोंड उघडताच मी ओळखलं, पियाउईचा, आपल्या शेजारच्या राज्यातला.

"दादा, सोमवारी कोण संग्रहालय बघायला येतं?"

"ज्याला सोमवारीच सुट्टी असते तो."

"न्हावी आहात?"

"पिझ्झावाला."

"अरेरे. मग बाहेरूनच बघा. खांब सोमवारीसुद्धा उघडे असतात."

तिथून बागेतल्या जपानी मंडपाकडे गेलो. तोही बंद. आपली सुट्टी असते तेव्हा अख्खं शहर सुट्टीवर असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी मोठ्या बाजारात गेलो. रंगीत काचांखाली ते मोर्तादेलाचं प्रसिद्ध सँडविच मागवलं. बोटभर पाव आणि वीतभर मांस. अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं कुणाला द्यावं ते कळेना.

तुला माहीतच आहे, ऑर्डरवरून मला घरातली बातमी कळते. वर्षानुवर्षं अर्धा असा-अर्धा तसा मागवणारं घर एक दिवस लहान, आख्खा, एकाच चवीचा मागवतं. तेव्हा मी फोनवर काही विचारत नाही, फक्त ऑलिव्ह जास्त घालतो. काल दुकान बंद करताना जेनिव्हालने विचारलं, "मालक, तुम्हाला काय टाकू?" मी म्हटलं, नेहमीचाच. अर्धा माझा कालाब्रेसा, अर्धा तुझा पोर्तुगेझा कांद्याशिवाय. त्याने भाजून पुढे ठेवला. पण ऑलिव्ह जास्त होते.

तुझा
झेनोबियो


साओ पावलो
रविवार, १२ जून

प्रिय लिंदाल्वा,

आज सकाळी उठलो. हो, रविवारी. जिन्यात जेनिव्हाल भेटला तर म्हणाला, "कोण गेलं?"

आज आपल्या ब्राझीलचा प्रेमिकांचा दिवस. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर हातात हात असतील आणि पिझ्झा गार होईल. म्हणून सकाळीच बाहेर पडलो आणि लिबेर्दाजीला रविवारचा जपानी बाजार बघायला गेलो. ते लाल तोरण, रस्त्यावरचे गोल दिवे, वाटीत मावणारं झाड आणि माणसाएवढी मांजरीची मूर्ती, सगळं तुला लिहिण्यासाठी डोळ्यांत भरून घेत होतो. एका दुकानात काचेआड डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला माणूस मासा कापत होता, कागदासारखे पातळ काप. मी जरा जवळ जाऊन कान दिला. आतल्या बाईला तो म्हणत होता, "अगं ए, तो भात इकडं कर की!" आपल्याकडचा, सोब्रालचा! मला बघून त्याने डोळा मारला. मी पण मारला. दुकानावरच्या 'कार्मेलो' या इटालियन नावाच्या पाटीखाली मी इतकी वर्षं इटालियन म्हणून खपतो, मग त्याने जपानी का होऊ नये? "इटलीत कुठलं गाव?" असं कुणी विचारलं की मी अजून तेच सांगतो, "खाली, जिथे ऊन फार."

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

चौकाच्या कोपऱ्यावर एक जपानी बाई मोठ्या तव्यावर छोट्या करंज्या परतत होती, खालून खरपूस, वरून मऊ. मी पैसे द्यायला हात पुढे केला. माझ्या हातावरचा तो भाजल्याचा, इटलीच्या नकाशासारखा बुटाचा डाग बाईने पाहिला आणि हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं.

"बूट!" ती म्हणाली. "तुम्ही लिंदाल्वाचे!"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तीच सांगते ना. नवऱ्यात इटालियन तेवढंच, हातावरचा बूट." आणि हसता हसता बाईच्या डोळ्यांतून पाणी. मग एकदम करडा आवाज: "ती कुठे आहे? तिच्या स्टुलावर मी कुणाला बसू देत नाही. लोक भांडतात माझ्याशी."

"गावी गेलीय. आई वारली तिची."

"मला न सांगता गेली? मी हारुमी. कधी नाव घेतलं नाही माझं?"

मी खोटं बोललो. म्हटलं, फार घेते.

लिंदाल्वा, मी उभाच होतो, म्हणून तिने मला तुझ्या स्टुलावर बसवलं. किती वर्षं येते, विचारलं. तर म्हणे माझी मुलगी बाहुलीशी खेळायची तेव्हापासून, आता ती लोकांचे दात काढते. दर रविवारी, मिस्सा झाली की. मला वाटायचं आकिरोपिता चर्चचा पाद्री फार लांबण लावतो! अकराची मिस्सा आणि तू येणार चारला. मी मनातल्या मनात त्या बिचाऱ्याला किती शिव्या दिल्यात.

हारुमीबाईने न विचारता दोन वाट्या भरल्या. एक माझ्यापुढे ठेवली, दुसरी चांदीच्या कागदात गुंडाळली. "घरी न्यायची. ती नेहमी नेते."

तो कागद मी ओळखला. सोमवारी उठलो की फ्रिजमध्ये चांदीच्या कागदातलं काहीतरी गार असायचं. मी ते उभ्या उभ्याच खायचो. मला वाटायचं, जेनिव्हालची बायको पाठवते. दोनदा त्याला म्हटलंसुद्धा, "बायकोला सांग, झकास झालंय." आता त्याला विचारलं. तो म्हणतो, "मालक, तेव्हा आमचं बाळ झालं होतं. मला वाटलं, तुम्ही त्याचंच म्हणताय."

निघताना मी हारुमीबाईला विचारलं, तिने मला कधी का आणलं नाही? बाई तवा खरवडत होती. म्हणाली, "मी म्हटलं होतं, आण एकदा. तर म्हणाली, पहाटेपर्यंत आगीसमोर उभा असतो. झोपलेला असला की चेहरा असा निवांत असतो, उठवू कशी?"

मी तुला हे शहर दाखवायला निघालो होतो. आता पुढचा पत्ता हारुमीबाईनेच दिलाय. इथून तू बोलिव्हियावाल्यांकडे जायचीस म्हणे.

झेनोबियो


साओ पावलो
रविवार, १९ जून

प्रिय लिंदाल्वा,

तुझ्या मागे मागे फिरतोय. तू एका आठवड्याने पुढे असल्यासारखं वाटतं, कोपऱ्यावर वळलीस की दिसशील.

पारीतल्या कांतुता चौकात गेलो. सगळीकडे लोकरीच्या शाली, बासरी, आणि बटाट्याचे इतके रंग की आपल्या शाळेत खडूंचेही नव्हते. गोल टोपीवाली एक बाई भाजलेल्या करंज्या विकत होती, साल्तेन्या म्हणतात त्यांना. नाव प्रिमितिवा. मी हात दाखवायच्या आधीच ती म्हणाली, "हारुमीने निरोप पाठवलाय, बूटवाला येईल." एकमेकींना ओळखतात! तू ओळख करून दिलीस म्हणे. या शहरात जपान आणि बोलिव्हियाचं सूत जमवणारी बाई माझ्या गल्ल्यावर सुटे पैसे मोजत बसायची आणि मला पत्ता नव्हता.

तिने साल्तेन्या हातात दिली आणि तिच्या बाकावरची चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी आपला सरळ चावा घेतला. आतला सगळा गरम रस्सा निळ्या शर्टावर! बाक हसून हसून आडवं झालं.

"आधी टोक कुरतडायचं, रस्सा प्यायचा, मग चावायचं," प्रिमितिवाबाई म्हणाली. "सांडतो तो सगळ्यांना पाजतो, असा रिवाज आहे. तुझी बाई पहिल्या दिवसापासून एक थेंब सांडत नाही."

"तिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. ती आधी बघते, मग खाते. तू काय पिझ्झावाला ना? तुम्ही लोक घाईचे."

मी सगळ्यांना सरबत पाजलं. मग बाईने लांबवर बोट दाखवलं. "उरलेला रविवार ती तुमच्या लोकांत घालवते. अकॉर्डियन वाजतं तिथे."

कुठे ते मला कळलं. लिमांवच्या बाजूचा आपल्या ईशान्येकडच्या, नॉर्देस्तेवाल्यांचा तो मोठा हॉल. तिथे मी कधीच गेलो नव्हतो. मला वाटायचं, गावाची आठवण काढायला वेळ असतो त्यांच्यासाठी आहे ते.

आत शिरलो आणि तुला काय सांगू, वासच पहिला आला. कोळशावरचं खारवलेलं मांस, लोणी, गूळ. सणाच्या रंगीत पताका लागल्या होत्या. मंचावर झालरीची टोपी घातलेला म्हातारा अकॉर्डियन वाजवत होता. सिसेरो नाव. गाणं थांबल्यावर मी त्याच्याकडे गेलो, बाही वर केली, हात दाखवला. आता ही माझी ओळख झालीय, पासपोर्टासारखी.

त्याने डाग पाहिला, मग मला खालून वर पाहिलं. "आलास होय," म्हणाला. "आम्हाला वाटलं, तिने तुला मनानेच तयार केलंय."

"ती इथे कुणाबरोबर नाचायची?" मी विचारलं. कबूल करतो, हे विचारताना माझा आवाज जरा जाड झाला होता.

"कुणाबरोबर नाही."

"मग करायची काय?"

"त्या खांबाजवळ बसायची. चपला पिशवीत. एकाहून एक माणसं विचारायला जायची. मी स्वतः गेलो, बायको बघत असताना! सगळ्यांना तेच उत्तर. माझा माणूस भट्टीवर आहे. तो आला की नाचेन."

मी त्या खांबाजवळ बसलो. जोडपी समोरून जात होती, म्हातारी, तरणी, एक बाई तर कडेवर पोर घेऊन नाचत होती. सगळे आपापल्या माणसाबरोबर आले होते. कणीक मळायची वेळ झाली, टळली, तरी मी उठलो नाही. दुकानात पोचलो तेव्हा शटर उघडं होतं, भट्टी रसरसत होती, जेनिव्हाल फोनवर "चाळीस मिनिटं" म्हणत होता. काही करपलं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं.

घरी कपाट उघडलं. खालच्या फळीवर, चादरींच्या मागे, कापडी पिशवी. लाल पट्ट्यांच्या नाचाच्या चपला. उलट्या करून बघितल्या. तळ कोरे.

तुझं ते रविवारचं वाक्य आता हाताला लागलं. तिथे मिस्सा सुटली की भाऊ, भावजय, भाचरं, सगळे मिळून निघत असतील, ना? कुणाला उठवायचं नाही, कुणासाठी कागदात गुंडाळायचं नाही.

लिंदाल्वा, ओतासिलियोला छप्पर चढवू दे. मी त्याच्या आड येत नाही. गावात तुझी खोली असावी, मलाही टेकायला होईल. पण मी तुला एक विचारतो, आणि ऑर्डर घेत नाहीये. येशील? ३ जुलैच्या रविवारी मी त्या खांबाजवळ असेन. भट्टी जेनिव्हालकडे. चपला मी आणतो.

झेनोबियो


साओ पावलो
सोमवार, २७ जून

प्रिय लिंदाल्वा,

तुझ्याकडून पत्र नाही. पण काल संध्याकाळी ऐन गर्दीत जेनिव्हालच्या आईचा फोन आला. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि गल्ल्यामागे खाली बसून बोललो.

म्हणाली, शनिवारी माझं पत्र पोचलं. तू ते शेतात नेऊन वाचलंस. संत योहानाच्या सणाची होळी विझत आलेली, राखेत भाजायला ठेवलेली रताळी तशीच राहिली. काल सकाळी ओतासिलियो शिडी लावून वर चढला, हातात पहिलं कौल, आणि तू खालून ओरडलीस, "उतर."

"का म्हणून?" त्याने विचारलं.

"उतर म्हटलं ना!"

तो उतरला. कौल भिंतीला टेकवून ठेवलंय. शेळ्या येऊन बघून जातात.

"आणि मला काही निरोप?" मी विचारलं.

"आहे. एकच शब्द. 'रविवारी.'"

"रविवारी काय? येते, की रविवारी कळवते, की रविवारी छप्पर चढवतो?"

"मी काय विचारू? जास्त विचारलं की तू म्हणशील चाळीस मिनिटं." आणि म्हातारीने फोन ठेवला.

हे पत्र तुला तिथे मिळालं तर त्याचा अर्थ तू निघाली नाहीस. म्हणून हे टपालात टाकावंसं वाटत नाही. टाकतो मात्र.

झे.


लिमांव, हॉलमध्ये
रविवार, ३ जुलै, दुपार

लिंदाल्वा,

हे टपालाने जाणार नाही. तुझ्या हातात देईन म्हणून लिहितोय. नाहीतर खिशात राहील.

सकाळी अकराच्या मिस्सेला गेलो. पाद्री मुळीच लांबण लावत नाही, बारा वाजायच्या आत सुटका. मी जाऊन त्याचा हात हातात घेतला आणि मनातल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. त्याला वाटलं मी फार भाविक आहे. मग हारुमीबाईकडे उभ्यानेच दोन करंज्या खाल्ल्या. ती म्हणाली, स्टूल पुसून ठेवते. प्रिमितिवाबाईकडे साल्तेन्या खाल्ली, टोक कुरतडून. शर्टावर एक थेंब नाही. बाक उठून उभं राहिलं.

शटरवर जेनिव्हालने पाटी लावलीय: "मालक मिस्सेला गेलेत. उशीर होईल." शब्द त्याचे.

मी तुझ्या खांबाजवळ बसलोय. मांडीवर चपलांची पिशवी, शेजारच्या खुर्चीवर खोकं. सकाळी स्वतः भट्टी पेटवून पिझ्झा भाजला, अर्धा माझा, अर्धा तुझा. बस स्टेशनवर फोन केला. क्रातूची बस बाहियात कुठेतरी पुलावर अडकली होती, आता सुटलीय, अजून आली नाही. तू तिच्यात आहेस का, ते फोनवरच्या माणसाला सांगता येईना. नावं नसतात त्याच्याकडे. मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे काहीच नसतं का रे? तो म्हणाला, साहेब, माझ्याकडे बस असते.

सिसेरो मधूनमधून माझ्याकडे बघतो आणि दुसरं गाणं सुरू करतो. दारातून कुणी आत आलं की माझी मान वळते. त्याच्याही लक्षात आलंय, तोही दाराकडे बघूनच वाजवतो. दर वेळी कुणीतरी दुसरंच असतं, कुणाची तरी मावशी, कुणाची तरी मुलगी. मला त्या सगळ्यांचा राग यायला हवा, पण येत नाही. तू अशी किती रविवार या दाराकडे तोंड करून बसलीस?

आताच पिवळ्या झग्यातली एक बाई आली. ठसठशीत, पाराइबाची, बोलण्यावरून कळलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो काका, पिझ्झा उबवताय? उठा, एक गाणं तरी!"

मी म्हटलं, "माझं माणूस बसमध्ये आहे. ती आली की नाचेन."

ती हसली नाही. खुर्चीवरच्या खोक्याला हात लावून म्हणाली, "पण हा तर गार होऊन गेला."

होऊ दे. गारच छान लागतं. तुझ्या चांदीच्या कागदातलं मी वर्षानुवर्षं खाल्लंय.